दोन भोकांचा बिल्ला

पुढची स्लाइड.

असं म्हटलं की मागे यंत्राजवळ बसलेला माणूस खटका दाबतो आणि पडद्यावर दुसऱ्या कामगाराच्या छातीचा एक्स-रे येतो. नीलाला आज एवढंच करायचं होतं. बोलायचं, थांबायचं, 'पुढची' म्हणायचं.

साल १९७६. शास्त्रज्ञांचं मोठं अधिवेशन पुण्यात भरलं होतं. पाहुण्यांना कारखानेही बघता यावेत म्हणून कामगारांच्या आजारांचा विभाग चिंचवडला, एका कंपनीच्या सभागृहात ठेवला होता. देशभरातले डॉक्टर, प्राध्यापक. सगळ्यांच्या छातीवर नावाचे बिल्ले. नीलाच्याही. ओतशाळेतली, लोखंड ओतायच्या साच्यांची वाळू कामगारांच्या फुप्फुसांत कशी साठते, यावर ती पीएच.डी. करत होती.

मधल्या रांगेतून खोकला आला. कोरडा, दोनदा, मग एक लांबलेला. तिने मान वर केली नाही. असं खोकणारे तिचे वडील, याच कंपनीच्या ओतशाळेत राबलेले कोंडीराम, जाऊन तीन वर्षं झाली होती. घरी ते अजून खोकत. दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला की आई, भिमाबाई, त्यांच्या खाटेजवळ कोमट पाण्याचा तांब्या ठेवायची. त्याबद्दल दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

पुढची.

ही बाबांची.

नाव नव्हतं. कंपनीने फिल्म दिल्या त्या नावं कापून, वर अट घालून: कामगारांच्या नात्यातलं कुणी या कामात नको, कळलं तर फिल्म परत. फिल्म गेल्या की पदवी गेली. नीलाने नातं सांगितलं नव्हतं. तिच्या आडनावाचे, गायकवाड काय, ढिगाने असतात. ही फिल्म तिचे मार्गदर्शक यशवंतराव यांनीच निवडली, आजार सगळ्यात स्वच्छ दिसतो म्हणून. तिने ती ओळखली बिल्ल्यावरून.

तपासणीची गाडी फाटकाशी यायची ती पाळी चालू असताना. सदरा काढा म्हटलं की माणसं काढायची, पण गळ्यातला हजेरीचा पितळी बिल्ला नाही. बिल्ला हातचा गेला की खाडा लागतो, दिवसाचा पगार जातो, हे डोक्यात पक्कं. म्हणून ओतशाळेच्या प्रत्येक फिल्मवर एक पांढरी चकती. बाबांच्या चकतीला भोकं दोन. पहिलं झिजून तुटलं तेव्हा त्यांनी घरच्या उंबऱ्यावर खिळा ठोकून दुसरं पाडलं. बिल्ला नीलाने धरला होता.

सकाळी आई म्हणाली होती, "एवढ्या मोठ्या लोकांत त्यांचा फोटो लागणार. सांग समद्यास्नी, हे माझे बाबा."

प्रश्न.

पहिल्या रांगेतले एक म्हातारे डॉक्टर उठले. त्यांनी विचारलं, हा खालचा गोल डाग कसला? आजाराचाच काही प्रकार आहे का?

खोकला थांबला. कुणी कान देऊन बसावं तसा.

यशवंतराव तिच्याकडे बघत होते. कंपनीचे साहेबही बघत होते. तिच्या तोंडात उत्तर तयार होतं, दोन भोकांसकट.

"काही नाही, सर. बाहेरची वस्तू आहे. तिच्याकडे लक्ष देऊ नये."

डॉक्टर समाधानाने बसले.

पुढची.

पुढची.

टाळ्या पडल्या तेव्हा तिने मान वर केली. मधल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. आधीपासूनच रिकामी असेल.

यापुढे स्लाइड नाही.

पिंपरीच्या चाळीत आई वाट बघत होती. फोटो लावला का, तिने विचारलं. नीला म्हणाली, लावला, सगळ्यांनी पाहिला. हे काही खोटं नव्हतं. भोंगा झाला. आईने खाटेजवळ तांब्या ठेवला. दोघी भिंतीला टेकून बसल्या. शेजारचा रेडिओ बातम्या सांगून बंद झाला. आईने तांब्याला हात लावून पाहिला. पाणी निवलं होतं.

"आज खोकले न्हाईत," ती म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदाच हे ती तोंडाने बोलत होती.

नीला छातीशी हात नेऊन बसली. अधिवेशनाचा बिल्ला अजून तिथेच होता.

खाटेवरची नजर न काढता आईने विचारलं, "तू काय बोललीस का त्यास्नी?"