घासून गुळगुळीत झालेलं मेडल

माझा टाइपरायटर सगळ्या पिंपळे गुरवच्या मालकीचा आहे, असा गल्लीतल्या लोकांचा समज होता. दिवसभर कंपनीत साहेबांची पत्रं बडवून घरी यावं, तर दाराशी कोणीतरी कागद घेऊन उभं. कोणाला रेशनकार्ड हवं, कोणाला बदली. मी चिडायची, चार शब्द सुनावायची आणि शेवटी टाइप करून द्यायची. आमचे अनंतराव म्हणायचे, "करणारच आहेस, तर चिडतेस कशाला? आणि चिडणारच असशील, तर करतेस कशाला?"

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात शेजारचे चांदभाई आले, तेव्हाही मी तोंड उघडलंच होतं. पण त्यांच्यामागे त्यांची आई, रहिमाबी, डोक्यावरचा पदर सावरत उभी होती. वाटीभर साखर मागायलाही ही बाई कधी कोणाच्या उंबऱ्यात उभी राहिलेली नव्हती. मी मुकाट्याने खुर्ची पुढे केली.

"वहिनी, आजोबांचे मिलिटरीतले कागद काढायचेत," चांदभाई म्हणाले. "अम्माचे वालिद. नूरमोहम्मद. पहिल्या महायुद्धात इराकला, बसऱ्याला होते. सुभेदार!"

सुभेदार म्हणताना चांदभाईंची छाती पुढे आली. त्यांचं पिंपरीत बफिंगचं दुकान होतं. स्कूटरची हँडलं, गाड्यांचे बंपर, कंपन्यांचे सुटे भाग, सगळं त्यांच्या चाकावर चकचकीत होऊन निघायचं. माणूस कामाचा पक्का, पण चमकवायला मिळेल तिथे त्याला थांबणं ठाऊक नव्हतं. आजोबांच्या हुद्द्यावरही त्यांनी असाच हात फिरवला असावा, ही शंका मला तेव्हाच यायला हवी होती.

"आत्ता इतक्या वर्षांनी कागद कशाला?" मी विचारलं.

उत्तर रहिमाबींनी दिलं. "चाकणला माझा चुलतभाऊ हाय, अकबर. त्याच्या लेकीच्या मंगनीत त्याची बायको, बेगम, समद्यांदेखत म्हनली, हिचा बाप मुलगी झाली ऐकून बसऱ्यालाच ऱ्हायला. तिकडं दुसरं घर केलं त्यानं. ल्हानपनापासनं ऐकतीया मी ह्ये. पन आता नातवंडांम्होरं म्हनली."

"अहो मावशी, चेष्टेत म्हणाली असेल."

"चेष्टाच की. समदी हसली. मीबी हसले. माज्या आईनं मास्तरांकडनं एक पत्र लिवून घेतलं हुतं. मुलगी झाली, नाव रहिमाबी ठिवलं, म्हनून. त्ये पोचलं का न्हाई, मरेपातूर तिला कळलं न्हाई. तो परत आला न्हाई, मेल्याचा कागदबी आला न्हाई. पार लढाई सरल्यावर त्येवडं मेडल आलं. आता दिवाळीनंतर त्या पोरीचं लगीन हाय. कागदात काय हाय त्ये कळल्याबिगर मी चाकणची पायरी चढनार न्हाई."

"आणि कागदात खरंच पळून गेल्याचं निघालं तर?" हे मी विचारलं. अशा वेळी जीभ चावायची असते, एवढं शहाणपण मला कुठलं?

"तर तसं कळू दे," रहिमाबी म्हणाल्या. "सत्तावन वर्सं हसून काढली. येकदा रडता तरी यील."

मी कागद चढवला. इंग्रजी असं झणझणीत लिहिलं की आमच्या साहेबांनीही मान डोलावली असती. सुभेदार नूरमोहम्मद, राहणार चाकण, तालुका खेड, जिल्हा पुणे. खाली रहिमाबींचा अंगठा.

दोन महिन्यांनी रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं. या नावाचा सुभेदार आढळत नाही. शिपायाचा नंबर कळवावा. मेडल असल्यास त्याच्या कडेवर नंबर, नाव आणि हुद्दा कोरलेला असतो.

"मेडल तर आहेच!" म्हणून चांदभाई धावत घरी गेले आणि मखमलीची डबी घेऊन आले. आत मेडल काय झळकत होतं! अनंतरावांनी त्यात बघून भांग सारखा केला. मी ते हातात घेऊन कड पाहिली. पुन्हा पाहिली. खिडकीशी नेऊन पाहिली. कड एखाद्या नव्या बांगडीसारखी गुळगुळीत. उलटून पाहिलं, तर इंग्रजांच्या राजाला डोकं होतं, पण नाक नव्हतं.

"चांदभाई," मी म्हटलं, "हे तुम्ही कशाने घासता?"

"दर ईदला आपल्या चाकावर धरतो, वहिनी. आधी खरखरीत, मग मऊ, मग मेण. वीस वर्षं झाली, एक ईद चुकवली नाही." आणि मग माझा चेहरा पाहून हळूच, "का?"

मी जे काही बोलले, ते इथे लिहीत नाही. सारांश एवढाच, की राजाचं राज्य जायला दीडशे वर्षं लागली, पण त्याचं नाक चांदभाईंनी वीस वर्षांत उडवलं, आणि त्याबरोबर स्वतःच्या आजोबांचा नंबरही. चांदभाई खाली मान घालून ऐकत राहिले. आईच्या बापाची आठवण जपायची म्हणून त्यांनी ती इतकी जपली होती की काही उरलंच नव्हतं. त्यांचे डोळे भरले, तेव्हा मलाच माझी लाज वाटली.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. सुनेने, परवीनने, चहा ठेवला. मी रहिमाबींना विचारलं, "मावशी, वडिलांचं दुसरं काहीच नाही घरात? पत्र, पट्टा, काही?"

"कायबी न्हाई. येक देग हाय. त्यानं धाडलेल्या पयल्या मनीऑर्डरीतनं आईनं घेतलेली. परसात, पानी तापवायची."

"आणि त्यावर नाव घातलंय का?"

हा प्रश्न माझ्या तोंडून आपोआप आला. आपल्याकडे भांडं घेतलं आणि त्यावर नाव घातलं नाही, असं कोणी करतं का? माझ्या घरात चमच्यांवरही माझ्या सासऱ्यांचं नाव आहे. गेले तरी डाळ वाढायला हजर.

"घातलं आसंल की," रहिमाबी म्हणाल्या. "आईला वाचता येत नव्हतं. मनीऑर्डरीची चिठ्ठी तांबटाच्या हातात दिली अन् म्हनली, हितं हाय त्ये समदं घाल."

समदं! आम्ही सगळे परसात धावलो. देग तीन दगडांवर बसलेली, खालपासून गळ्यापर्यंत काजळीने काळीकुट्ट. मेडल पुसून टाकणाऱ्या चांदभाईंच्या घरात हीच एक वस्तू कशी सुटली, म्हणाल, तर रहिमाबींनीच कधी हात लावू दिला नव्हता. घासली म्हणून पाणी लवकर तापत नाही, हे त्यांचं म्हणणं.

"आणा, दुकानात नेतो, दोन मिनिटांत—" चांदभाई म्हणाले.

"खबरदार!" आम्ही तिघी एकदम ओरडलो.

परवीनने त्यांना परसाच्या दारात उभं केलं, हात मागे बांधून. मी चिंच आणि मीठ घेतलं, काथ्याने गळ्यापाशी हलके हलके घासायला बसले. काळं पाणी ओघळलं, मग तांबूस पट्टा दिसला, आणि मग ठोकलेल्या ठिपक्यांची ओळ. नूरमोहम्मद वल्द इमाम. चाकण. आणि पुढे, चिठ्ठीवर होतं जसंच्या तसं, नंबर २७१४. त्या अडाणी बाईने जे सांगितलं, ते तांबटाने निमूट केलं होतं. माझ्या इंग्रजीपेक्षा तिचं एक वाक्य जास्त कामाला आलं.

दुसरा अर्ज मी साधा लिहिला. नंबर, नाव, गाव. सुभेदार गाळला.

मग काहीच आलं नाही. गणपती गेले, रमजान ईद झाली, दसरा गेला, दिवाळीही झाली. त्या ईदला मेडल पहिल्यांदाच चाकाविना राहिलं; चांदभाई ते नुसतं हातात धरून बसले होते, असं परवीनने सांगितलं. लग्नाला आठ दिवस उरले. अकबरभाई स्वतः पत्रिका देऊन गेले, तरी रहिमाबींनी नवी साडी बाहेर काढली नाही. पोस्टमनची सायकल दिसली की मी उगाचच दारात जायची.

पाकीट आलं ते शनिवारी, अर्ध्या दिवसाच्या सुट्टीला. सगळे आमच्याकडे जमले. मी आधी मनात वाचलं. मग मराठीत सांगू लागले.

"नंबर २७१४, नूरमोहम्मद. एकोणीसशे सोळा साली भरती. हुद्दा..." मी चांदभाईंकडे पाहिलं. "खेचरं हाकणारा."

"खेचरं?" चांदभाई म्हणाले.

"सामान वाहायची. तोफेचं नव्हे, पिठाचं."

चांदभाईंची सुभेदारी अशी भर दुपारी गेली. रहिमाबी मात्र खुदकन हसल्या. "तरीच तुजं घरात कुनी आयकत न्हाई."

"एकोणीसशे अठरा, बसरा. लष्कराच्या इस्पितळात तापाने मृत्यू. पळून नाही गेले, मावशी. दुसरं घरही नाही."

त्यांनी नुसती मान हलवली. मला वाटलं होतं, त्या रडतील. मी पुढे वाचलं.

"वारस: भाऊ. हे नाव एकोणीसशे सतरा साली शिपायाच्या स्वतःच्या सांगण्यावरून रद्द. त्याजागी नवीन वारस: मुलगी, रहिमाबी, वय चार महिने. मेडल याच नावाने धाडलं."

"भावाचं नाव काटलं?" रहिमाबींनी विचारलं. "म्हंजी अकबरच्या बापाचं?"

"हो."

"अन् माजं घातलं?"

"तुमचं."

"मंग पत्र पोचलं की," त्या म्हणाल्या. "आईला सांगायला पायजे हुतं. पोचलं त्ये." आणि मग त्या रडल्या, लहान मुलीसारख्या, पदर न लावता. परवीन रडली, मी रडले. अनंतराव चष्मा पुसत म्हणाले की इंग्रजी फारच छान आहे.

रहिमाबींनी तो कागद माझ्याकडून चार वेळा वाचून घेतला. चौथ्यांदा मी त्यांचं बोट त्यांच्या नावावर ठेवलं. वाचता येत नसूनही त्या तिथे बराच वेळ बघत राहिल्या. मग परवीनला म्हणाल्या, "ती मोतिया साडी काढ. चाकणला जायचंय."

"अम्मा, आणा तो कागद," चांदभाई हात पुढे करत म्हणाले. "चांगल्या फ्रेममध्ये बसवतो. पितळेची, अशी चमकवतो की—"

रहिमाबींनी कागद चटकन पदराखाली घेतला आणि माझ्याकडे दिला.

"ह्यो तुज्याकडंच ऱ्हाऊ दे, बाई," त्या म्हणाल्या. "ह्येच्यावर माजं नाव हाय."