टिकलीचा पान्हा

मित्रांनो, कळंब्याच्या तळ्याकडून वर येणाऱ्या वाटेवर आकाराम चौगुल्याचा गोठा लागतो. गोठ्याला लागून, बाभळीखाली एक ट्रॅक्टर गंजत उभा आहे. त्याच्या बैठकीत पावसाचं पाणी साचतं, धुराड्यात चिमण्या नांदतात. तो मी. जवळ बसलात तर कपड्यांना गंज लागेल. चालणार असेल तर बसा.

माझा जन्म दूरदेशीचा. मोठी लढाई संपली आणि मला बोटीत घालून इकडे धाडलं. पहिली काही वर्षं एका इनामदाराच्या उसात राबलो. तेव्हा माझ्या गळ्यात हार पडत, माझ्या दातेरी लोखंडी चाकांना माणसं हात लावून बघत. नवा ट्रॅक्टर आला तसा इनामदाराचं माझ्यावरचं मन उडालं, आणि आकारामनं मला कळंब्याला आणलं. माझा संसारही मागोमाग आला : दोन फाळांचा नांगर, वैरण कापायचं यंत्र आणि ते यंत्र फिरवणारा लांबलचक चामडी पट्टा.

आकारामचं रान थोडं. त्याचा खरा जीव म्हशींत. आणि म्हशींचा जीव आक्कात.

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. ऐन उमेदीत कपाळ पांढरं झालं आणि ती माहेरी आली. आली ती चरवी घेऊन म्हशीखाली बसली, ती बसलीच. या घरातली तिची भाकरी त्या चरवीवर उभी होती. हे तिला ठाऊक होतं आणि आकारामलाही. दोघं ते कधी बोलून दाखवत नसत एवढंच.

कपाळावर पांढरा ठिपका असलेली टिकली ही गोठ्यातली मानाची म्हैस. तिचं रेडकू दगावलं तेव्हा ती चार दिवस कासेला हात लावू देईना. आक्का तिच्या मानेखाली हात घालून गात राहिली :

काळी माझी म्हस, जसा आषाढाचा ढग
सोड सोड पान्हा बाई, माझ्या हाताकडं बघ

पाचव्या दिवशी टिकलीनं मान वळवली, आक्काच्या हाताकडं बघितलं आणि धार सोडली. पुढं रोज संध्याकाळी आक्का तिला शहरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर न्यायची. गिऱ्हाईकं ताज्या धारेसाठी पेले धरून उभी आणि मधोमध आक्काची ओवी. मी घरामागच्या परड्यात उभा असायचो, पण गोठ्यातली पहाटेची ओवी मला ऐकू यायची. इनामदाराकडं मला पुष्कळ काही मिळालं होतं. गाणं मात्र पहिल्यांदा इथं मिळालं.

मग आकारामच्या डोक्यात आलं, की वैरण परड्यात कापून डोक्यावरून गोठ्यात कशाला वाहायची? यंत्रच गोठ्याला लावू. त्यानं मला या बाभळीखाली आणलं, पट्टा चढवला, हँडल मारलं. मी धडधडलो. टिकलीनं अशी लाथ झाडली की चरवी उकिरड्यात गेली.

"त्या भुताला परड्यात न्हे," आक्का म्हणाली. "जनावरं पान्हा चोरत्याती."

"सवं हुईल की."

"आन् न्हाय झाली तर?"

"आक्का, तूबी आल्यावर म्हैनाभर रडत हुतीस. झाली न्हवं सवं?"

आक्कानं उकिरड्यातली चरवी आणून राखेनं घासली.

सवय झाली, मित्रांनो. हेच तर दुखणं. माझी धडधड सुरू झाली की हिरवी, गोड वैरण गव्हाणीत पडते, हे म्हशींनी ओळखलं. पट्ट्याचा सांधा चाकावरून जाताना टक् वाजे. पुढं पुढं त्या टक्-टकीवरच त्यांच्या कासा भरून येऊ लागल्या. आक्का टेकायच्या आत धार गळायची. ती तरीही गायची. माझ्या आवाजात तिची ओवी म्हशींना ऐकू जात नसे. मलाही नाही.

आता कुणीही धार काढावी. आकारामनं एक गडी ठेवला. दूध किटल्यांतून शहरात जाऊ लागलं, कट्टा सुटला. एके दिवशी तो आक्काला म्हणाला, "आता तू इसावा घे. कबनूरला तुझ्या दिराची सून बाळंत झालीया म्हणं. ऱ्हा जाऊन चार दिस."

"चारच व्हय?"

"मन लागलं तर ऱ्हा की आनखी."

आक्कानं चरवी गव्हाणीच्या कडेला पालथी घातली आणि बोचकं घेऊन निघाली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. मी धडधडत होतो.

दोन उन्हाळे गेले. मी रॉकेलवर चालणारा. बंद करण्याआधी मला घटकाभर पेट्रोलवर चालवावं लागे, म्हणजे आतलं रॉकेल जळून जाई. आकारामला तेवढी घटका नव्हती. रॉकेल आत झिरपत राहिलं, तेल पातळ झालं, आणि एका सकाळी पोटात आग लागल्यागत होऊन मी जागीच थिजलो.

केरबा मिस्त्री आला. झाकण उघडलं, परत लावलं.

"आकाराम, असला माल आता कुठं मिळत न्हाय. गवऱ्या थापाय बरा हाय ह्यो."

त्या दिवशी म्हशी तटल्या, पान्हा सोडीनात. आकारामनं काय करावं? रॉकेलचा रिकामा डबा घेऊन माझ्या बैठकीवर बसला आणि काठीनं धडधड वाजवू लागला. खाली गडी चरवी धरून. कुंपणापाशी माणसं गोळा झाली.

"पावणं, लगीन कुनाचं हाय?" कुणीतरी विचारलं.

म्हशी फसल्या नाहीत. त्यांच्या कासा दगडासारख्या झाल्या. मग आकाराम कबनूरला गेला आणि आक्काला घेऊन आला.

ती वाळली होती. तिनं चरवी सुलटी केली, टिकलीच्या मानेखाली हात घातला आणि ओवी म्हटली. आवाज तोच होता. 'माझ्या हाताकडं बघ' ही ओळ तिनं किती वेळा म्हटली, देव जाणे. टिकलीनं बघितलं नाही. बाकीच्या म्हशी रेडकांच्या ढुशीनं हळूहळू पान्हावल्या. टिकलीचं याही वेताचं रेडकू जगलं नव्हतं. तिला होतं ते आक्काचं गाणंच, आणि ते आम्ही मोडून ठेवलं होतं.

टिकलीला बाजाराला काढलं. दावं आक्काच्याच हातात होतं. गोठ्यातून निघून ती माझ्यापाशी आली आणि थबकली. टक्-टक वाजायचा तोच पट्टा अजून माझ्या चाकावर लोंबत होता. टिकलीनं मान वळवली, त्याच्याकडं बघत उभी राहिली आणि तिच्या चारी सडांतून दूध गळायला लागलं.

"आक्का, चरवी धर की!" आकाराम ओरडला.

आक्का हलली नाही.

"ऱ्हाऊ दे. मातीला पिऊ दे," ती म्हणाली. मग माझ्या पत्र्यावर हात टेकून टिकलीला हळूच म्हणाली, "लोखंडाला देतीस व्हय गं? दे."

दावं भावाच्या हातात देऊन ती तशीच कबनूरच्या वाटेला लागली. बोचकंही घेतलं नाही.

मित्रांनो, मला तेल घाला, रंग द्या, असं मी तुम्हांला सांगणार नाही. माझ्यावर खुशाल गवऱ्या थापा. पण घरात नवं काही आणाल, तेव्हा ते कुणाच्या गाण्यावर उभं करताय एवढं बघा, आणि त्या माणसाला विसावा घे म्हणू नका.

बाभळीखालची ती माती पुढच्या पावसात धुऊन गेली. मी तिथंच आहे.