चाळिसाव्याच्या दिवशी तुंबलेला पाइप

मी प्लंबरची तार बोलतेय. नाकाला पदर लावलात तरी मी रागावणार नाही, मला त्याची सवय आहे. बारीक पोलादाला स्प्रिंगसारखे वेढे देऊन मला घडवलं, पुढे आकडा बसवला आणि मागे फिरवायला दांडा. जिथे कुणाचा हात पोचत नाही, तिथे मी जाते.

माझा मालक तोलोगोन. नारीन गावात कुणाचा संडास तुंबो, कुणाचं सिंक, निरोप त्यालाच येतो. तो आला की आधी विचारत बसतो. "न्हाणीघरातलं पाणी जातंय? संडासातलं? वरच्यांनी नळ सोडला की तुमच्याकडे चढतं का?" लोक वैतागतात. आलाय तर तार घाल आणि मोकळा हो, असं त्यांना वाटतं. पण आजार कुठे आहे ते कळल्याशिवाय तो मला पिशवीतून काढत नाही. म्हणून तर मी एवढी वर्षं शाबूत आहे. घाईच्या माणसांच्या हातातल्या कितीतरी तारा मी मोडून पडलेल्या पाहिल्या.

एका हिवाळ्यात काल्बुबू अपाकडून बोलावणं आलं. अपा म्हणजे आई. पण तिच्या इमारतीतले सगळेच तिला अपा म्हणतात. ती तळमजल्यावर राहते. तिच्या नवऱ्याला, ट्रक चालवणाऱ्या असनालीला, जाऊन चाळीस दिवस झाले होते आणि त्या दिवशी त्याचा चाळिसावा होता. दुपारी मौलवी आणि डोंगरातले नातेवाईक यायचे होते. त्याआधी बोर्सोक, म्हणजे फुगवलेल्या पिठाचे छोटे तुकडे, तळायचे होते. आणि स्वयंपाकघरात घोट्याएवढं तेलकट, घाण पाणी साचलेलं.

"अपा, हट्ट सोड," तिचा मुलगा नुर्दीन म्हणत होता. "समोरच्या खाणावळीतून तळून आणतो."

"तळणाचा वास गेलेल्या माणसाला पोचायचा असतो, बाळा. तुझ्या बापानं जन्मात त्या खाणावळीत पाऊल टाकलं नाही. त्याला तिथला पत्ता तरी सापडेल का?"

ती हसत बोलली, पण पिठाचे हात पुसायचे विसरून दारातच उभी होती. पीठ फुगून परातीबाहेर येत होतं आणि चूल पाण्याच्या पलीकडे होती.

तोलोगोननं पाण्यात पाय घातले. संडास ठीक, न्हाणीघर ठीक. सिंकखालचा वाकडा पाइप उघडला, तोही साफ. इतक्यात वर कुणीतरी नळ सोडला आणि अपाच्या सिंकमधून पाणी गुबगुबत वर आलं. तोलोगोननं भिंतीतल्या उभ्या पाइपावर पान्हा वाजवला, कान लावला, आणखी खाली वाजवला.

"वर पोकळ बोलतोय, खाली भरलेला," तो म्हणाला. मग त्यानं मला आत सोडलं.

चिंधी असली तर ती आकड्याला गुंडाळते. हाड असलं तर ते टणकन परत पाठवतं. हे तसलं काही नव्हतं. मी रुतत होते आणि पुढे सरकत नव्हते. दुसऱ्या कुणी जोर लावला असता. माझ्या मानेला बाक आला तसा तोलोगोन थांबला आणि त्यानं मला हळूच बाहेर ओढलं. आकड्यावर पांढरी, मेणासारखी चरबी होती.

वरच्या मजल्यावरची गुल्सून बाह्या सावरत खाली आली होती. चरबी बघून ती ओशाळली. "अगं बाई, ही आमच्याच कढयांची."

अपाला एकटीला उरकणार नाही म्हणून प्रत्येक मजल्यानं आदल्या दिवशी एकेक कढई मेंढीचं मटण आपल्या घरी शिजवलं होतं, आणि कढया आपापल्या सिंकमध्येच घासल्या होत्या.

"म्हणजे तुम्हीच..." नुर्दीन चिडून म्हणाला.

"गप रे," अपा म्हणाली. "तुझ्या बापासाठी राबल्यात त्या. त्यांना बोलायचं तर आधी मला बोल."

"मी तर सकाळपासून किटल्या भरभरून उकळतं पाणी ओततोय, दादा," नुर्दीननं तोलोगोनला सांगितलं.

"त्यानं चरबी वितळली, तळघरातल्या गार पाइपात गेली आणि तिथे पुन्हा गोठली. तू तिला घरी नेऊन सोडलंस."

गुल्सून फस्सकन हसली. नुर्दीनलाही हसू आवरलं नाही.

वरच्या सगळ्यांनी नळ बंद केले. तोलोगोन मला घेऊन तळघरात उतरला, पाइपाचं झाकण उघडलं आणि अंगावर आलं ते येऊ दिलं. दांडा थोडा फिरवायचा, थांबायचं, मला मागे घ्यायचं, पुसायचं, पुन्हा आत. त्याचा हात किती शांत होता ते मलाच ठाऊक. खरवडत खरवडत मी पलीकडे निघाले. त्यानं झाकण लावलं आणि पाइपावर पान्हा वाजवला. ठरल्याप्रमाणे प्रत्येक मजल्यावरच्या बायकांनी उकळत्या पाण्याचे हंडे एकदम ओतले. सकाळी ज्या पाण्यानं घात केला, तेच आता मोकळ्या वाटेनं चरबीला घेऊन थेट रस्त्याखाली धावलं.

मग सगळ्या जणी झाडू घेऊन खाली आल्या. पाहुण्यांची गाडी अंगणात थांबली तेव्हा अपानं पहिला बोर्सोक तेलात सोडला आणि खिडकी उघडली. वास जिन्याभर पसरला. ती खिडकीबाहेर बघत काहीतरी पुटपुटली. ते तिच्या माणसासाठी होतं, मी ऐकलं नाही.

तोलोगोन उंबऱ्याबाहेर मला पुसत होता. अपानं त्याला जेवायला बोलावलं.

"कपडे बघा माझे, अपा. मौलवी बसलेत आत."

"तू तळघरात गेलास म्हणून माझा म्हातारा घरात येऊ शकला. हात धू आणि वर बस."

आणि तो वडीलधाऱ्यांच्या मानाच्या ओळीत बसला.

आता मी जुनी झालेय. मानेतला तो बाक गेला नाही, वेढ्यांत गंज शिरलाय. अपाकडे मला पुन्हा जावं लागलेलं नाही. तिच्या इमारतीतल्या बायका आता चरबी डब्यात गोठवतात आणि अंगणातल्या कुत्र्याला घालतात. कधी कधी तिची आठवण येते, पण बोलावणं येत नाही हीच माझी शाबासकी समजते. तुमच्या घरीही मला यायची वेळ येऊ नये, एवढंच मागणं.