बाईंचे दहापैकी दहा

माझी नोकरी नवी होती आणि मी नोकरीहूनही नवी. पहिल्याच आठवड्यात मी ड्रेसिंगची ट्रॉली थेट सर्जनच्या पायावर घातली. सुई टोचताना पेशंटच्या आधी मीच ‘आई गं’ म्हणाले. एकदा तर चादरींच्या खोलीत जाऊन मनसोक्त रडले. तिथे मावशी आधीच डबा उघडून बसल्या होत्या.

“रड, रड,” त्या म्हणाल्या. “फक्त अभ्र्याला नाक पुसू नकोस. आत्ताच धुऊन आलेत.”

मावशी म्हणजे आमच्या बायकांच्या सर्जरी वॉर्डातल्या आया. त्या वॉर्ड झाडतात, पुसतात आणि चालवतातही. मोठ्या सिस्टरना वाटतं की वॉर्ड आपण चालवतो. वाटू दे बापडं.

याच मोठ्या सिस्टरनी मला बजावलं होतं, महिनाअखेरीला ठरवू, तू राहतेस की जातेस. जायचं म्हणजे बाबांच्या चष्म्यांच्या दुकानात. काउंटरमागचं स्टूल बाबांनी माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. वर फुलाफुलांची नवी गादीसुद्धा शिवून घेतली होती. लेक नापास होण्याची इतकी प्रेमाने तयारी दुसऱ्या कुठल्या बापाने केली नसेल. मला ती गादी बघितली तरी धडकी भरायची. मला नर्सच व्हायचं होतं, लहानपणापासून, बाहुलीचे दोन्ही पाय प्लॅस्टरमध्ये घालत होते तेव्हापासून.

त्यातच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात संशोधक मॅडम आल्या. त्या नर्सिंग कॉलेजात शिकवायच्या. पेशंटच्या मनाला वॉर्डात कसं वाटतं आणि नव्या नर्सेस तिथे कशा रुळतात, हा त्यांचा विषय. वॉर्डात नवी मी एकटीच, तेव्हा त्यांच्या प्रयोगातला उंदीरही मीच. रोज दुपारी मी प्रत्येक खाटेशी जायचं आणि विचारायचं, “आज कसं वाटतंय? दहापैकी किती?” मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघायच्या आणि भराभर लिहायच्या.

पहिल्या दिवशी खिडकीजवळच्या शिवणकामवाल्या काकूंनी मला चार दिले. चहा पाणचट आणि पंखा कुरकुरतो म्हणून. शेजारच्या मुख्याध्यापिकाबाईंनी दिले साडेतीन. बाई निवृत्त झाल्या होत्या, पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या आणि मला ‘वावटळ’ म्हणायच्या.

“साडेतीन म्हणजे चांगले आहेत हं,” काकू मला हळूच म्हणाल्या. “पोटच्या पोराला निबंधात पासापुरते दिले होते त्यांनी. तो आता प्राध्यापक आहे, भेटायला आला की अजून बोलून दाखवतो.”

“पैकीच्या पैकी मी जन्मात कुणाला दिलेले नाहीत,” बाई डोळे मिटूनच म्हणाल्या. “डोक्यात जातात.”

आता हे मार्क कशाचे, हे मावशींना कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नाही, त्या आपलं आपणच ठरवतात. पोछा मारता मारता त्यांनी वॉर्डभर बातमी पेरली की हे मार्क पोरीचे आहेत, कमी पडले तर पोरगी घरी. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी नऊ दिले. पलीकडच्या आजींनी नऊ दिले. टाके ओले असलेल्या सूनबाईंनी (वयाने सगळ्यांत लहान, म्हणून हे नाव) साडेनऊ दिले आणि वर गोड हसल्या. बाईंनीसुद्धा सहा दिले, मग लगेच भिंतीकडे तोंड फिरवलं. माझे पाय काही जमिनीला लागेनात. घरी पोचले तर धाकटी दारातच उभी.

“ताई, आज किती?”

“नऊ!”

आम्ही दोघींनी पलंगावर अशा उड्या मारल्या की फळीच मोडली. बाबा शेजारच्या खोलीतून म्हणाले, “अगं, काय पाडलंत?” आम्ही तोंडात पदर, ओढणी, जे मिळेल ते कोंबून हसत बसलो.

असे दिवस भुर्रकन गेले आणि महिनाअखेर उजाडली. संध्याकाळी मोठ्या सिस्टर निकाल सांगणार होत्या. दुपारी मी खाटाखाटांतून निघाले. नऊ. नऊ. साडेनऊ. माझी मान ताठ व्हायला लागली. मग बाईंकडे आले.

“बाई, आज कसं वाटतंय? दहापैकी किती?”

“दहा,” बाई म्हणाल्या.

मी ट्रॉली घेऊन चक्क गिरकी घेतली. दहा! प्राध्यापक पोराला जे मिळालं नाही ते मला! मी नाचत नाचत बेसिनपर्यंत गेले, नळ सोडला, हाताला साबण लावला आणि तिथेच थबकले. बाई आणि दहा? आनंदाने वेड लागलं तरी बाई साडेसातच्या वर जाणार नाहीत. साबणाच्या हातानेच मी मागे पळाले.

बाईंचे ओठ घट्ट मिटलेले होते. कपाळावर घाम होता. एक हात चादरीखाली, पायावर दाबलेला.

“बाई, पाय दाखवा.”

“मार्क मिळाले ना? पुढच्या खाटेकडे जा.”

“दाखवा म्हणते ना!” मी ओरडले. एवढी ओरडले की कुरकुरणारा पंखासुद्धा गप्प झाल्यासारखा वाटला.

मी चादर काढली. डावी पोटरी लाल, टरटरून सुजलेली आणि हाताला गरम. उजवी अगदी शहाण्यासारखी होती तशी.

“कधीपासून?”

“सकाळपासून. दुखतंय. चांगलंच दुखतंय.” बाईंचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. “आज तुझा निकाल ना? मी मार्क कमी देते गं, पण नापास कुणाला करत नाही.”

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि त्यांची मानगूटही धरावीशी वाटली. दोन्हीला वेळ नव्हता. तेवढ्यात मावशी तेलाची बाटली घेऊन आल्या, “थांब, मी चोळून देते.”

“हात लावू नका! शिरेत रक्ताची गाठ असली तर चोळल्यावर सुटून छातीत जाईल! बाई, हलायचं नाही, उठायचं नाही.” हे सगळं मीच बोलत होते. कुणाच्या परवानगीने, कोण जाणे. मी डॉक्टरांना फोन केला. ते सांगतील ते लिहून घ्यायला माझा पेन सापडेना, बाईंनी उशीखालून स्वतःचा काढून दिला. सोनोग्राफी झाली. शिरेत गाठच होती. लगेच इंजेक्शनं सुरू झाली. “वेळेत पकडलंस,” डॉक्टर म्हणाले. हे तेच, ज्यांच्या पायावर मी ट्रॉली घातली होती.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी वॉर्डाच्या मधोमध उभी राहिले.

“ऐका सगळ्या! मला खोटे मार्क नकोत. शून्य द्या! मी जाईन स्टुलावर बसायला, त्याला नवीन गादी आहे! पण दुखत असताना माझ्याशी गोड बोलायचं नाही. कळलं?”

मग काकू चाचरत म्हणाल्या, “तर मग दोन. टाका परवापासून खेचतोय.”

“माझे तीन!” पलीकडच्या आजी म्हणाल्या. “रात्रभर डोळा लागत नाही.”

“माझा एक!” सूनबाई उठूनच बसल्या. “नवरा दोन दोन दिवस फिरकत नाही, आणि आला की जाता जात नाही!”

वॉर्डात हसण्याचा असा भडका उडाला की सगळ्यांनी पोटाशी उशा धरल्या. “हसवू नका, टाके!” म्हणत सगळ्या आणखी हसत होत्या. मी काकूंच्या टाक्याकडून आजींकडे, आजींकडून सूनबाईंकडे धावत होते, आणि प्रत्येक कमी आकड्याला मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. संशोधक मॅडम लिहायचं सोडून डोळे पुसत होत्या.

“अगं, हे मार्क तुझे नव्हतेच कधी,” त्या म्हणाल्या. “त्या तुला खरं सांगायला कधी लागतात, एवढंच मला बघायचं होतं.”

दारात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. किती वेळ, देव जाणे.

“आज सगळ्यांचे मिळून कसे?” त्यांनी विचारलं.

“फार वाईट, सिस्टर.”

“मग दात का काढतेस?” त्या वळल्या आणि जाता जाता म्हणाल्या, “उद्यापासून सकाळची ड्युटी. या वॉर्डातच. ट्रॉलीबरोबर नाचायचं नाही.”

मी बाईंकडे पाहिलं. पाय उशीवर, चष्मा नाकावर.

“चार,” त्या म्हणाल्या. “त्यातला अर्धा कापलाय. माझ्यावर ओरडलीस.”

घरी धाकटी दारातच होती. “ताई, आज किती?”

“साडेतीन!” मी किंचाळले, आणि आम्ही मोडक्या पलंगावर उड्या मारल्या. आवाज ऐकून बाबा आले. मी राहिले, एवढंच सांगितलं. ते खाली दुकानात गेले, स्टुलाची फुलाफुलांची गादी घेऊन आले आणि माझ्या डब्याच्या पिशवीशेजारी ठेवली.

“ही लागेल तिथे बसायला,” ते म्हणाले.

नर्सला बसायला मिळत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गादी मी घेऊन गेले आणि बाईंच्या पायाखाली ठेवली.