नर्सबाईंच्या इंजिनातली जुनी स्प्रिंग

मित्रांनो, तुमच्या पेनात एक इवलीशी स्प्रिंग असते ना, ती माझी लांबची बहीण. टकटक करून तुम्ही तिचा जीव खाता, मला सगळं ठाऊक आहे! मी मात्र गाडीच्या इंजिनातली. आता जुनी झाले, कामावरून उतरले. पण तुमच्यापुढे रडगाणं गायला आलेली नाही. मला आभार मानायचे आहेत.

कारखान्यात जाड तारेला पीळ देऊन मला घडवलं, भट्टीत तापवलं, दाबून दाबून पारखलं. मग आम्हा आठ बहिणींना एका लहानशा गाडीच्या इंजिनात बसवलं. इंजिन श्वास घेतं आणि सोडतं, त्यासाठी त्याला झडपा असतात. कॅमशाफ्ट नावाचा उंचवट्यांचा दांडा फिरत फिरत त्या झडपा उघडतो, आणि उघडलेली झडप वेळेवर मिटवायचं काम आमचं. दांड्याचं आणि आमचं छान सूत जुळलं होतं. तो जेवढा जोर लावायचा, तेवढाच आम्ही परत करायचो.

गाडी नर्सबाईंची होती. टेकडीवरच्या वस्तीतल्या बायाबाळांना तपासायला त्या रोज वर जायच्या. चढ असा, की चालणाऱ्याच्या तोंडाला फेस यावा! आम्ही तो वर्षानुवर्षं चढलो. वर पोहोचलं की बाई स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायच्या, "शाब्बास गं पोरी!" शाबासकी गाडीला असायची, पण आत आम्ही आठजणी फुगून जायचो.

एक दिवस चढावर जोर लावताच इंजिन अडखळायला लागलं. फटफट करत गाडी अर्ध्या वाटेवर बंद पडली. बाई हँडब्रेक ओढून तशाच बसून राहिल्या. वरच्या वस्तीत त्यांची भावजय राहत होती आणि तिचे दिवस भरत आले होते. तिला खाली दवाखान्यात आणायला हीच एक गाडी होती.

गाडी गॅरेजात गेली. गॅरेज दोघा साडूंचं. थोरले साडू सावकाश, बोलायलासुद्धा वेळ घेणारे. धाकटे म्हणजे नुसती घाई. चहासुद्धा उभ्यानेच प्यायचे. इंजिन उघडल्यावर थोरल्यांनी आम्हाला एकेक करून काट्यावर ठेवलं आणि दाबून कुणात किती जोर उरलाय ते पाहिलं. एकीवर त्यांचा हात थांबला.

"ही ढिली पडलीये. इंजिन जोरात फिरलं की हिची झडप वेळेवर मिटत नाही."

ती ढिली म्हणजे मी. अगं बाई! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तर समजत होते, आपण आहोत तशाच आहोत.

"बाकीच्याही दमल्यात, सगळ्याच बदलू," धाकटे म्हणाले. "माझ्याकडे शर्यतीच्या गाडीच्या पडल्यात. एकेक पैलवान आहे!"

त्या चकचकीत स्प्रिंगा आमच्या जागी अगदी मापात बसल्या. धाकटे खूश. "बसल्या की नाही, साडूभाऊ?"

थोरल्यांनी पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहिलं. फिरवताना त्यांच्या कपाळावरची शीर तटतटली.

"बसल्या," ते म्हणाले, "पण जमल्या नाहीत. यांचा जोर दुप्पट आहे. दांड्याचे उंचवटे घासून सपाट होतील. मग झडपा उघडणार कोण, तुम्ही?"

"अहो, पण ताईंना घाई आहे! आता 'अति घाई संकटात नेई' ऐकवू नका."

"घाई आहे म्हणून घात करायचा का, साडूसाहेब? चढावर पुन्हा बंद पडली तर?"

नर्सबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. "याच इंजिनाच्या, याच दांड्याच्या जोडीच्या आणायला किती वेळ लागेल, दादा?"

"दोन दिवस, ताई."

"आणि तेवढ्यात तिच्या पोटात दुखायला लागलं तर?"

बाईंनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाल्या, "आणा. तिला अर्ध्या वाटेत अडकवण्यापेक्षा आज थांबलेलं बरं."

तेव्हा धाकटे खाली मान घालून उठले. म्हणाले, "मी स्वतः जाऊन घेऊन येतो." मोठ्या शहरातल्या दुकानातून ते दुसऱ्याच दिवशी पुडकं छातीशी धरून परत आले. त्या दिवशी थोरल्यांनी आपल्या हाताने चहा केला आणि साडूंना बळेच खाली बसवून पाजला.

नव्या आठजणी बसल्या. इंजिन हाताने फिरवलं, तर अलगद फिरलं. आणि तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. कळा सुरू झाल्या होत्या!

बाईंनी किल्ली उचलली. भंगाराच्या डब्यात मी सगळ्यांत वर पडले होते. त्यांनी मलाही उचललं. "हिने पुष्कळ चढ चढलेत," म्हणाल्या आणि मला काचेखालच्या कप्प्यात ठेवलं.

मित्रांनो, जन्मभर मी इंजिनाच्या आत होते. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचा आवाज बाहेरून ऐकला. ती बंद पडण्याची जागा आली तसे बाईंचे हात घट्ट झाले. मीही धसका घेतला. पण आवाज काही तुटला नाही. एकसारखा, ठणठणीत, थेट वरपर्यंत! माझ्या जागी बसलेली पोर माझ्यापेक्षा चांगलं काम करत होती. हेवा वाटला? वाटला थोडा. पण त्याहून जास्त बरं वाटलं. मला वेळेवर बाहेर काढलं, म्हणून मी त्या दोघा साडूंची जन्माची ऋणी आहे. तसंच राहू दिलं असतं, तर त्या चढावर माझ्यामुळे एका बाईचा जीव टांगणीला लागला असता.

भावजय वेळेत दवाखान्यात पोहोचली. मुलगी झाली.

म्हणून एवढंच मागते. आपल्या गाडीची, यंत्राची कुरकुर वेळेवर ऐका. आणि नवा भाग बसवताना, तो किती भारी आहे हे विचारण्याआधी, त्याला कुणाबरोबर काम करायचंय ते विचारा.

मी अजून त्याच कप्प्यात असते. ती मुलगी आता गाडीत पुढे बसते. परवा गॅरेजात तिने मला आपल्या अंगठ्यात घातलं आणि ओरडली, "बसली!"

थोरले साडू चष्म्यावरून बघत म्हणाले, "बसली गं, पण जमली का?"

तिने हात हलवून पाहिला, मला कानाशी नेलं, आणि मान डोलावली.

"जमली."