तिन्ही पुस्तकांचं खत

ताईच्या पत्राला त्यांनी, तिच्या धाकट्या भावानं, उत्तर लिहिलंच नव्हतं. पत्र तसं छोटंसंच होतं. 'गुडघा बरा होतोय. यांचं रबराचं झाड कसं आहे? खरं लिही.' त्या शेवटच्या दोन शब्दांनीच सगळा घोळ केला.

झाड भावोजींनी लावलेलं. ते गेल्यावर ताईनं जिवापाड जपलं आणि शस्त्रक्रियेसाठी मुलाकडे जाताना धाकट्या भावाच्या हवाली केलं. भावाची उभी हयात छापखान्यात मुद्रितांतल्या चुका शोधण्यात गेलेली. झाडांवरची तीन पुस्तकं त्यांनी वाचली. एकात पातळ खत, दुसऱ्यात दाणेदार, तिसऱ्यात पेंड. त्यातल्या एकालाही डावलायचा धीर होईना, म्हणून तिन्ही घातली. पानांच्या कडा करपल्या, तेव्हा उपासमार होतेय असं वाटून पुन्हा घातली.

ताईची लेक आली ती थेट कुंडीपाशी वाकली.

"मामा, मातीवर हा पांढरा थर कसला?"

"खत असेल. कमी पडतंय बहुतेक."

"कमी? अरे, अजीर्ण झालंय त्याला! थंडीत झाड धड वाढतही नाही, आणि तू ताटावर ताट वाढतोयस."

दोघांनी कुंडी न्हाणीघरात नेली, थर खरवडला, खालच्या भोकातून पाणी नितळ येईपर्यंत वरून ओतत राहिले.

"आता काय द्यायचं?"

"काही नाही. माती सुकली की साधं पाणी. नवी पानं फुटली की मग खत, तेही एकच, बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्मं, आणि ओल्या मातीत."

"जगेल ना गं?"

"मुळं किती जळलीत, वरून कसं दिसणार?"

"ताईला तू सांगशील?"

"मी नाही हं. पत्र तुला आलंय."

मग ते रोज सकाळी हात पाठीमागे बांधून कुंडीसमोर उभे राहू लागले. एक पान गळलं, मग आणखी एक. नुसतं बघत कसं राहायचं, हे एकाही पुस्तकात नव्हतं.

शेवटी त्यांनी लिहिलं, 'ताई, मी त्याला नको इतकं खाऊ घातलं. आता माझ्या हातात काही नाही. जगेल की नाही, कळत नाही.' सवयीनं दोनदा तपासलं. एखादी चूक सापडली असती तर पुन्हा लिहायला घेता आलं असतं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट हातातून सुटलं आणि त्यांनी घाईघाईनं फटीत बोटं घातली. पेटी खोल होती.