बंब जाईल एवढा बोळ

ग्रंथपालबाईंच्या टेबलासमोर सहा वर्षांनी त्यांचा सख्खा भाऊ येऊन उभा राहिला, तोही नाइलाजाने. आई गेल्यापासून दोघांतून विस्तव जात नव्हता.

"माझ्या वर्कशॉपमागचा बोळ शेजाऱ्यानं नवी भिंत घालून अरुंद केलाय," तो म्हणाला. "पूर्वी बोळ केवढा होता, त्याचा पुरावा हवाय. आठवडाभर कॉम्प्युटरवर शोधलं. काडीचं मिळालं नाही."

"काय टाकून शोधलंत?"

'तुम्ही' ऐकून त्याचं तोंड आंबट झालं. "बोळाचं नाव. आणखी काय टाकणार?"

"नाव टाकून सगळं मिळालं असतं, तर इथे पायधूळ झाडली असतीत का?"

माहिती कुठे असेल, हे बाई आधी विचारतच नसत. ती लिहून ठेवायची गरज कुणाला पडली असेल, तिथून त्यांचा शोध सुरू होई. टपाल्याला मागच्या दारांशी देणंघेणं नाही. पण आग लागली तर बंब कुठून आत घालायचा, हे कुणाला तरी माहीत असायलाच हवं. त्या आत गेल्या आणि अग्निशमन दलाने रद्दीत काढलेले, ग्रंथालयाने ठेवून घेतलेले नकाशे घेऊन आल्या.

"बारा फूट!" भाऊ ओरडला. "आता जेमतेम आठ आहे. सापडला चोर!"

बाईंनी नकाशावर बोट ठेवलं. "शेजाऱ्याची हद्द या विहिरीला लागून. नवी भिंत कुठे आहे?"

"...विहिरीला लागूनच."

"मग चार फूट तुमच्या वर्कशॉपच्या शेडनं गिळलेत."

तो लालबुंद झाला. "हा कागद होता तिथे ठेव. कुणाला दाखवायचा नाही."

"मागेल त्याला दाखवायचा, हेच माझं काम."

"सख्ख्या भावाचा गळा कापशील?"

आता बाईंचा तोल गेला. "आई दवाखान्यात होती, तू फोन उचलत नव्हतास. तरी मी तुला शोधलंच ना? याच शेडवर पत्रे चढवत होतास. 'येतो' म्हणालास. आलास का?"

तो पाय आपटत निघून गेला.

आठवड्याने शेजाऱ्याचा वकील आला. बोळाबद्दल काही आहे का, एवढंच त्याने विचारलं. 'बघून सांगते' म्हणून त्याला आठ दिवस टोलवता आलं असतं. बाईंनी त्याच मिनिटाला नकाशा पुढे केला आणि नक्कल शिक्का मारून दिली. नियमानेच दिली, पण शिक्का जरा जास्तच जोरात मारला, हे त्यांचं त्यांना कळलं.

शेडचा मागचा भाग पाडावा लागला. भाऊ नातेवाइकांत सांगत सुटला, बहिणीनं घर बुडवलं. एका मावशीने फोन करून बाईंना विचारलं, "खरं का गं?"

"नकाशा येऊन बघ," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.